आईला एचआयव्ही, बाळ निगेटिव्ह : पहिल्या दीड वर्षात आपण या बाळांकडे पुरेसे पाहतो का?

कृष्णाकाठची

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) चौदा वर्षे समुपदेशक म्हणून काम केले. आमच्या कामातला सर्वांत आनंदाचा दिवस म्हणजे बाळाच्या अठराव्या महिन्यातील तपासणीचा. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर सुकवून विषाणू शोधणाऱ्या डीबीएस तपासणीसाठी पाठवलेले असतात, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यातही तपासणी झालेली असते, आणि शेवटी अठराव्या महिन्यातील अँटिबॉडी (रक्तातील जंतूविरोधी प्रथिने) चाचणी निगेटिव्ह आली की आई डोळे पुसते, आम्हालाही भरून येते आणि रजिस्टरमधले त्या बाळाचे पान बंद होते.

हे पान बंद होणे फार मोठ्या कष्टांनी शक्य झाले आहे, हे आधी नमूद करते. काहीही उपचार न मिळाल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ इतके असते. झिडोव्हुडिन या औषधाने ते जवळजवळ दोन तृतीयांशाने घटते, हे १९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील चाचणीतून दिसले. १९९९ मध्ये युगांडातील चाचणीने नेव्हिरापिन या दुसऱ्या औषधाच्या एका मात्रेचा स्वस्त मार्ग दाखवला. बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिन देऊन पाहणारी चाचणी इथिओपिया आणि युगांडाबरोबर आपल्या पुण्यातही झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. भारतात २०१४ पासून प्रत्येक संसर्गित गरोदर स्त्रीला, तिचा सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) कितीही असो, आयुष्यभराची एआरटी (एचआयव्ही काबूत ठेवणारी औषधे) सुरू केली जाते. आज औषधे नीट घेणाऱ्या आईचे बाळ निगेटिव्ह असणे हीच अपेक्षित गोष्ट झाली आहे.

परंतु नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला एक गोष्ट सारखी खटकत राहिली. पान बंद होण्याच्या आधीच्या त्या दीड वर्षात आमची बाळे न्यूमोनिया आणि जुलाबासाठी इतर बाळांपेक्षा जास्त वेळा दाखल होत, असे मला वाटे. मी वाचू लागले, तेव्हा कळले की हा केवळ माझा भास नाही. जगात अशा, म्हणजे आईला संसर्ग पण स्वतःला नाही, अशा चौदा वर्षांखालील मुलांची संख्या २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ४८ लाख असल्याचा अंदाज होता आणि त्यांपैकी बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात. त्यांच्या प्रतिकारशक्तीची घडण थोडी वेगळी होते, असे तिथल्या अनेक अभ्यासांनी दाखवले आहे.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. विषाणू बाळात शिरलाच नाही, तर बाळाच्या प्रतिकारशक्तीत फरक पडतो तरी कसा? आणि हे आईला सांगायचे झाल्यास, तिचा जीव पुन्हा टांगणीला न लावता कसे सांगावे?

केपटाउनचा वाटसरू

ताई, आपण हा विषय मराठीत काढलात याचा फार आनंद झाला. मी गेली नऊ वर्षे केपटाउनमध्ये याच विषयाशी संबंधित प्रयोगशाळेत काम करतो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

सुरुवात अँटिबॉडीपासून करू. नवजात बाळाकडे स्वतःच्या अँटिबॉडी जवळजवळ नसतात. गोवर, धनुर्वात, डांग्या खोकला यांच्याविरुद्धच्या आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळाकडे जातात आणि त्यांतील बहुतांश वाहतूक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होते. वारेत त्यांना पलीकडे नेणारे विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते. एचआयव्हीमध्ये आईच्या रक्तातील एकूण अँटिबॉडींचे प्रमाण अवाजवी वाढलेले असते, पण त्या वाढीत उपयोगी अँटिबॉडींचा वाटा फारसा नसतो. नदीवर होडी एकच आणि काठावर गर्दी मोठी, अशी अवस्था होते, आणि ज्यांनी पलीकडे जायलाच हवे होते ते मागे राहतात. त्यातच अशा मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण अधिक असते. बाळ लवकर जन्मले तर होडीच्या शेवटच्या फेऱ्याही चुकतात.

आमच्या शहरातील खायेलित्शा या वस्तीतील बाळांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्ग नसलेल्या पण आईला संसर्ग असलेल्या बाळांमध्ये जन्मतःच धनुर्वात, डांग्या खोकला, न्यूमोकॉकस आणि हिब (न्यूमोनियासारखे आजार करणारे दोन जिवाणू) यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी इतर बाळांपेक्षा कमी आढळल्या. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लसीकरणानंतर या बाळांचा प्रतिसाद उत्तम होता, इतकेच नव्हे तर डांग्या खोकला आणि न्यूमोकॉकससाठी तो इतर बाळांपेक्षा सरस होता. आईच्या अँटिबॉडी रक्तात भरपूर असल्या की त्या लसीच्या कामात थोडा अडथळा आणतात, आणि इथे तो अडथळाच कमी होता. म्हणून या बाळांची प्रतिकारशक्ती 'कमकुवत' आहे असे सरसकट म्हणणे मला चुकीचे वाटते. जन्मापासून पहिल्या लसींपर्यंतचे आठवडे त्यांच्यासाठी अधिक उघडे असतात, असे म्हणणे वस्तुस्थितीला जास्त धरून होईल.

आता पेशींकडे वळतो. गर्भात असताना विषाणू बाळाला लागला नाही, तरी त्याचे तुकडे आणि आईच्या शरीरातील सततच्या दाहाचे संदेश बाळापर्यंत पोहोचतात. एचआयव्हीविरुद्ध प्रतिक्रिया देणाऱ्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) संसर्ग नसलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात सापडल्या आहेत. जन्मलेल्या बाळाच्या टी पेशी साधारणतः नवख्या, कशाशीही गाठ न पडलेल्या अशा असतात. या बाळांमध्ये अशा नवख्या पेशींचे प्रमाण थोडे कमी आणि उत्तेजित, 'अनुभवी' पेशींचे प्रमाण जास्त दिसते. जन्मजात प्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. केपटाउनमधील बाळांच्या रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना जिवाणूंच्या घटकांनी डिवचले असता त्यांनी पहिल्या काही आठवड्यांत दाह वाढवणारी रसायने इतर बाळांच्या पेशींपेक्षा जास्त सोडली. वर्षाच्या अखेरीस मात्र हा फरक उरला नव्हता.

साध्या संसर्गात बाळ एवढे आजारी का पडते, याचे काही अंशी उत्तर या अतिउत्साहात असावे असे आम्हाला वाटते, कारण फुप्फुसाची हानी जंतूइतकीच दाहामुळेही होते.

गणिती

माझा वैद्यकाशी संबंध नाही, मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून एक शंका स्पष्टपणे मांडतो. ज्या घरात आई संसर्गित आहे त्या घरात बहुतेकदा गरिबी अधिक असते, आई आजारी किंवा मृत असते, वडिलांचे उत्पन्न थांबलेले असते, क्षयरोग असतो, आणि बाळाला आईचे दूध मिळेलच असे नसते. यांपैकी प्रत्येक कारण बाळाला आजारी पाडायला पुरेसे आहे. मग फरक प्रतिकारशक्तीच्या घडणीमुळे आहे, असे कशावरून म्हणायचे? पेशींमध्ये फरक दिसणे आणि त्या फरकामुळे मूल आजारी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केपटाउनचा वाटसरू

आपली शंका योग्य आहे आणि या क्षेत्रातील सर्वांत जुना वाद तोच आहे.

झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९७ पासून माता-बाळांच्या १४,११० जोड्यांचा अभ्यास झाला होता. मुळात तो अ जीवनसत्त्वासाठी आखलेला होता, पण एआरटी उपलब्ध नसलेल्या काळातील बाळांचे चित्र त्यातून फार स्पष्ट मिळाले. दोन वर्षांपर्यंतचे मृत्यू गर्भातच संसर्ग झालेल्या बाळांमध्ये शेकडा ६७.७, आईला संसर्ग असूनही स्वतः निगेटिव्ह राहिलेल्या बाळांमध्ये शेकडा ९.२ आणि आईलाही संसर्ग नसलेल्या बाळांमध्ये शेकडा २.९ इतके होते. सगळी कुटुंबे एकाच शहरातली होती आणि बहुतेक बाळे अंगावरच पीत होती, म्हणजे दुधाचे कारण बऱ्याच अंशी बाजूला पडते. आईचे आजारपण आणि गरिबी यांचा वाटा मात्र त्यातही होता, हे मान्य करतो.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे आहे. तिथे अन्न, स्वच्छ पाणी आणि दवाखाना यांची वानवा नाही. तरीही २०१० मध्ये ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी दाखवले, की तिथल्या अशा बाळांमध्ये गट बी स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग इतर बाळांच्या तुलनेत सुमारे वीस पट आढळत होता. तो बहुतेक वेळा जन्मानंतर आठवडाभराने किंवा त्याहूनही उशिरा होत होता, आणि आईकडून मिळालेल्या अँटिबॉडींचा आधार नेमका त्याच काळात हवा असतो. त्याच देशातील पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मातांनी गरोदर राहण्याआधीच एआरटी सुरू केली होती, त्यांच्या बाळांना संसर्गामुळे रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी आली. गरोदर राहिल्यावर, म्हणजे उशिरा, औषध सुरू केलेल्या मातांच्या बाळांना हा फायदा तितका मिळाला नाही. देश तोच आणि आरोग्यव्यवस्थाही तीच होती. वेगळे होते ते मुख्यतः बाळ गर्भात असताना आईच्या शरीरातील विषाणू आणि दाह किती काबूत होता, एवढेच. माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे.

गणिती

बेल्जियमचे उदाहरण पटले. मातांच्या दोन गटांमध्ये इतर फरक असू शकतात, ही शंका मी राखून ठेवतो, पण गरिबी एवढे एकच उत्तर पुरेसे नाही हे मान्य करतो.

डॉ. भीमाकाठ

मी सोलापूर भागात बालरोगतज्ज्ञ आहे. कृष्णाकाठच्या ताईंनी विचारले आहे, की आईला काय सांगावे. मी जे सांगतो ते इथे लिहितो.

सर्वांत आधी दुधाविषयी. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे, हे वाक्य पाठ असलेल्या घरातही बाराव्या दिवशी सहाण निघते आणि हळकुंड, वेखंड, मुरडशेंग उगाळून बाळगुटी दिली जाते. आजी ती प्रेमाने देते, तिच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात प्राध्यापक हूसेन कुवाडिया यांच्या गटाने २००७ मध्ये जे दाखवले ते प्रत्येक आजीपर्यंत पोहोचायला हवे. ज्या बाळांना आईच्या दुधाबरोबर लवकर वरचे घट्ट अन्नही दिले गेले, त्यांना संसर्ग होण्याची शक्यता निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सुमारे अकरा पट होती. त्या माता एआरटीवर नव्हत्या, आज औषध चालू असलेल्या आईबाबत धोका पुष्कळच कमी आहे. तरीही कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होऊ नये आणि जुलाबाचे जंतू आत जाऊ नयेत, हा मुद्दा संसर्ग न झालेल्या बाळासाठीही तितकाच लागू आहे.

याच्या उलट टोकाला भीतीपोटी आईचे दूध पूर्ण बंद करणारी घरे असतात. बोत्सवानामध्ये २००१ पासून झालेल्या चाचणीत काही बाळांना मोफत पावडरचे दूध दिले गेले आणि काहींना झिडोव्हुडिनच्या संरक्षणासह आईचे. सातव्या महिन्यापर्यंत पावडरच्या दुधावरील शेकडा ९.३ बाळे दगावली, आईच्या दुधावरील शेकडा ४.९. पावडरच्या गटात संसर्ग कमी झाला, पण जे वाचवले ते न्यूमोनिया आणि जुलाबाने परत नेले. अँटिबॉडी आधीच कमी घेऊन आलेल्या बाळाकडून आईचे दूध काढून घेणे म्हणजे त्याची दुसरी ढालही काढून घेणे आहे.

लसीकरणाबाबत केपटाउनच्या मित्राने जे सांगितले त्याचा सरळ अर्थ असा, की या बाळाची एकही तारीख पुढे ढकलू नये. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस), न्यूमोकॉकसची पीसीव्ही, जुलाबावरची रोटा, नवव्या महिन्याची गोवर-रुबेला हे सर्व आपल्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. 'सर्दी आहे, पुढच्या बुधवारी या' असे म्हणून परत पाठवलेल्या बाळाचा एक आठवडा जातो, आणि तोच आठवडा त्याला महाग पडू शकतो. साध्या सर्दीसाठी लस थांबवायची गरज नसते. गरोदरपणातील धनुर्वात-घटसर्पाची मात्राही आईने वेळेवर घ्यावी, कारण होडीत चढायला प्रवासी आधी काठावर तरी यायला हवेत.

क्षयरोगाचा मुद्दा मात्र आफ्रिकेइतकाच आपलाही आहे. २००२ ते २००५ या काळात पुण्यात ७१५ संसर्गित मातांचा बाळंतपणानंतर पाठपुरावा केला गेला. त्यांतील २४ जणींना क्षय झाला, आणि ज्या आईला क्षय झाला तिच्या बाळाच्या मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक आढळला. तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारी आई ही माझ्या दृष्टीने बाळाचीही तातडीची केस असते. बीसीजी जन्मतःच द्यावी.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. सहाव्या आठवड्यापासून दिल्या जाणाऱ्या कोट्रायमॉक्सॅझोल या प्रतिजैविकाचा फायदा निगेटिव्ह राहिलेल्या बाळांना होत नाही, असे बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतील चाचण्यांत दिसले आहे. तरीही बाळ निगेटिव्ह असल्याचे पक्के होईपर्यंत ते आपल्याकडे दिले जाते आणि ते पालकांनी स्वतःहून बंद करू नये. झिडोव्हुडिन मिळालेल्या बाळाचे हिमोग्लोबिन पाहावे.

निनावी आई

मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे लग्न झाले तेव्हा मला काहीच माहीत नव्हते. पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला गेले तेव्हा रक्ततपासणीत कळले आणि त्याच महिन्यात औषधे सुरू झाली. माझी मुलगी निगेटिव्ह आहे, आता सातवीत आहे.

ती चार महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. ज्या दवाखान्यात नेले तिथे माझी फाइल पाहून एकाने सर्वांसमोर विचारले, 'आईला आहे ना, मग बाळाला होणारच, दुसरे काय?' तिचा सहाव्या आठवड्याचा अहवाल निगेटिव्ह होता, तो माझ्या हातात होता, पण तो कोणी पाहिला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या उलट झाले. निगेटिव्ह आहे म्हणजे काही विशेष नाही, साधा कफ आहे, असे म्हणून आम्हाला घरी पाठवले आणि दोन दिवसांनी तिला ऑक्सिजनवर ठेवावे लागले.

वरचे सर्व मी दोनदा वाचले. पाचव्या महिन्यात औषध सुरू झाले म्हणजे उशीर झाला, असे वाचताना मनाला लागले. माझ्यामुळे ती आजारी पडली का, आणि तिची प्रतिकारशक्ती आयुष्यभर कमी राहणार का, एवढेच मला विचारायचे आहे.

केपटाउनचा वाटसरू

ताई, आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मी ज्या फरकांविषयी लिहिले ते मुख्यतः पहिल्या वर्षातले आहेत आणि त्यांतील अनेक त्या वर्षातच मिटतात. अशी बहुसंख्य मुले चांगली वाढतात. झिंबाब्वेसारख्या ठिकाणी या मुलांमध्ये वाढ खुंटण्याचे प्रमाण अधिक दिसते, म्हणून उंची, वजन आणि शाळेतील प्रगती यांकडे लक्ष असावे. सातवीपर्यंत पोहोचलेल्या, नेहमीसारखी वाढणाऱ्या मुलीला या विषयातील कोणताही अभ्यास 'कमजोर' ठरवत नाही.

पहिल्या प्रश्नाविषयी सांगतो. ज्या दिवशी आपल्याला कळले त्याच महिन्यात आपण औषध सुरू केले, म्हणजे आपल्या हाती असलेल्या पहिल्या दिवशीच सुरू केले. लग्नाआधी आणि गरोदरपणाआधी स्त्रीची तपासणी होत नाही, हा व्यवस्थेतला उशीर आहे. मी माझ्या मजकुरात 'उशिरा' हा शब्द आकडेवारीच्या अर्थाने वापरला, तो आपल्याला लागला याबद्दल क्षमा मागतो.

डॉ. भीमाकाठ

आपल्याला भेटलेले दोन्ही डॉक्टर चुकले, हे मी याच पेशातला माणूस म्हणून लिहितो. एकाने बाळाला न झालेला आजार चिकटवला आणि दुसऱ्याने जोखीमच पुसून टाकली. चार महिन्यांच्या अशा बाळाचा श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर दाखल करण्याचा निर्णय लवकर घ्यायला हवा आणि प्रतिजैविकाला प्रतिसाद मिळतो की नाही हे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण या बाळांमध्ये पहिला उपचार अपुरा पडण्याचे प्रमाण जास्त आढळते.

वकील_परभणी

एका व्यवहाराच्या प्रश्नाकडे लक्ष वेधतो. डॉक्टरांनी वेगळी काळजी घ्यायची तर बाळ कोणत्या गटातले आहे हे त्यांना कळायला हवे, आणि ते कळण्यासाठी आईचा संसर्ग उघड करावा लागतो. बाळाच्या नावापुढे कायमची खूण आली, तर ती अंगणवाडीपर्यंत आणि पुढे शाळेपर्यंत जाईल. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तिचा संसर्ग उघड करता येत नाही. बाळाच्या लसीकरण कार्डावर लाल शाईने काही लिहिणे हाही उघड करण्याचाच प्रकार आहे.

कृष्णाकाठची

वकीलसाहेबांनी माझ्या मनातला पेच मांडला. मी नोकरीत असताना एक रीत पाळत असे, ती सांगते. कार्डावर काहीही लिहायचे नाही. आईला मात्र तीन गोष्टी पाठ करून घ्यायच्या : बाळाची लस एक दिवसही पुढे जाऊ द्यायची नाही, ताप किंवा धाप दिसताच त्याच दिवशी दाखवायचे, आणि दाखवताना डॉक्टरांना एकट्याला सांगायचे. कोणाला सांगायचे आणि कधी, हे तिने ठरवायचे. आशाताईंना मी एवढेच म्हणत असे, की हे बाळ कमी वजनाचे आहे, याच्याकडे जास्त वेळा जा. बहुतेक वेळा ते खरेही असे.

या धाग्यावरून आणखी एक गोष्ट मला कळली आणि ती मी आता त्या खुर्चीत बसणाऱ्या मुलींना सांगणार आहे. ज्या संसर्गित स्त्रिया अजून गरोदर नाहीत, पण पुढे मूल हवे आहे असे म्हणतात, त्यांच्याशी आम्ही गोळ्या चुकवू नका असे बोलत असू ते त्यांच्या स्वतःच्या सीडी फोरसाठी. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) आधीच खाली आणून मग दिवस राहिले तर जन्माला येणाऱ्या बाळाच्या न्यूमोनियाशीही त्याचा संबंध आहे, हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

निनावी ताई, आपल्या मुलीला दहाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस मिळाली आहे का? अनेक मुलांची ती राहून जाते.

निनावी आई

राहिली आहे, ताई. शाळेत लसीकरणाचे पथक आले त्या दिवशी ती मामाकडे होती. आता बारा पूर्ण आहेत, चालेल का?

डॉ. भीमाकाठ

चालेल. सोमवारी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, लस मोफत आहे. तिथे कोणाला काहीही वेगळे सांगायची गरज नाही, ती इतर मुलींसारखीच एक मुलगी आहे.